विस्कटलेल्या क्रमाची कुपी

सुईताईचा हात इतका हलका, की तिने मुंगीला सुई टोचली तर मुंगी थांबून आभार मानील आणि मगच पुढे जाईल. प्रयोगशाळेत हे सगळे शपथेवर सांगत. म्हणूनच उंदरांच्या मेंदूत थेंब सोडायचं काम पाच वर्षं तिच्या गळ्यात होतं.

थेंबात काय असे? पेशीत प्रथिन घडण्याआधी त्याचा निरोप निघतो. त्या निरोपावर उलट बाजूने अचूक बसेल असा छोटा रेणू, म्हणजे अँटिसेन्स, आत सोडला की तो निरोपाला मिठीच मारतो. निरोप अडला की प्रथिन घडायचं थांबतं. मग उंदराला दुधाळ पाण्याच्या हौदात सोडायचं आणि टेकण्यासाठी पाण्याखाली दडवलेला, आधी दाखवलेला पाट त्याला आठवतो का ते बघायचं. सुईताईचे उंदीर पार गोंधळून गोल गोल पोहत राहिले. आठवणीचं प्रथिन सापडलं! प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी शोधनिबंध छापला. त्यात लिहिलं, ‘सर्व प्रयोग लेखकाने स्वतः केले.’ आभारांत हौद धुणाऱ्याचंसुद्धा नाव होतं, सुईताईचं मात्र कुठेच नव्हतं.

“पाच वर्षं उंदरांची उस्तवार तू केलीस, वहिनी, आणि मिरवतोय तो टकल्या!” घरी नणंद फणकारली.

“मिरवू दे. अजून थोडा वर चढू दे.”

कारण सरांनी घाईत तुलनेची एक कुपी वगळली होती, हे तिला ठाऊक होतं. तिच्यात असतो घटकांची अक्षरं तीच, पण क्रम विस्कटलेला रेणू. तो निरोपावर बसत नाही, तेव्हा त्याने उंदराचं काही बिघडता कामा नये. बिघडलंच, तर करामत प्रथिनाची नव्हे, टोचलेल्या रसायनाची.

सुईताईने तो प्रयोग रीतसर मंजूर करून घेतला. सर सह्या करताना कागद वाचत नसत. शेजारच्या विभागातल्या मैत्रिणीने खऱ्या आणि विस्कटलेल्या कुप्यांवर नुसते रंग लावले. कुठल्या रंगात काय, हे तिने चिठ्ठीत लिहून बंद केलं; सुईताईलाही माहीत नव्हतं. सूड घ्यायचा तर चोख घ्यायचा!

तीन आठवड्यांनी मैत्रिणीची चिठ्ठी उघडली. विस्कटलेल्या क्रमाचे उंदीरही तसेच गोल गोल फिरले होते.

तिने आकडे पुन्हा ताडून पाहिले. तेच होते. सरांचा निबंध कोसळत होता आणि त्याखाली तिची पाच वर्षंही चिरडली जात होती. वही फाडावी असं क्षणभर वाटलं. मग निबंधातलं ते ‘स्वतः’ आठवलं, आणि तिने वही छातीशी धरली.

विभागाच्या बैठकीत तिने आकडे वाचले. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मूळ प्रयोगातच टोचण्यात चूक झाली असणार! कुणी टोचलं होतं तेव्हा?”

“तुम्हीच, सर. छापलंय ना तसं?”

मागून कुणीतरी खुसखुसलं.

सरांनी तिला बाहेर गाठलं. “अगं ताई, दुरुस्ती पाठवू. तुझं नाव पहिलं टाकतो.”

“घर पेटल्यावर मालकी देताय होय? राहू द्या.”

दुपारीच तिने निबंध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं, दोन्ही रंगांचे आकडे जोडले. सोबतच्या अर्जात एक रकाना होता: ‘मूळ प्रयोगांशी आपला संबंध?’

तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे टाइप केलं: ‘सगळे मीच केले. लेखकाने एकही नाही.’