वाकडे वेढे

"ज्या दिवशी सकाळी याचं वाजवणं मोबाईलवर येणार न्हाई ना बेटा, त्या दिवशी फोन करत बसू नको. उठून ये," नूरमोहम्मद चाचा म्हणाले होते. मिनल हसली होती.

"चाचा, रिचार्ज संपला असला तर? तेवढ्यासाठी पोरीला कडेवर घेऊन चाकणहून येऊ का?"

"ये की. तेवढाच चहा हुईल."

तिचे पप्पा चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. मांडीवर यशू, तीन महिन्यांची. "नूर, मला आत्ताच पोचवायला निघालास का रे?" असं म्हणून तेही हसले, आणि मग भोसरीत, लांडेवाडीच्या त्या गल्लीत, जळक्या व्हार्निशच्या वासात आणि उघड्या पडलेल्या मोटरींच्या राशीत, सगळ्यांचा चहा झाला. विषय तिथंच संपला.

मिनलच्या वडिलांचं, जयसिंगांचं, सकाळचं वाजवणं ही एव्हाना घरातली एक सवय होऊन गेली होती. आई, चतुराबाई, गेल्यापासून ते नेहरूनगरच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. ते कामाला होते ती कंपनी बंद पडली तशी कंपनीची ऑर्केस्ट्रा पार्टीही मोडली. पुढं काही वर्षं जयंतीच्या कार्यक्रमांत वाजवलं, मग तेही थांबलं. राहिली ती त्यांची लाल इलेक्ट्रिक गिटार आणि स्टुलावर मावेल एवढा ऍम्प्लिफायर. यशू झाली आणि त्यांना श्रोता मिळाला. रोज सकाळी अंघोळ करून ते फोनसमोर बसत. आधी सहाही तारा मोकळ्या छेडत, थांबत, आणि मग एखाद्या भीमगीताचं धृपद नाहीतर कुठलीशी जुनी सुरावट वाजवून मिनलला पाठवत. सुरुवातीला ती फोन यशूच्या कानाशी धरायची. पुढं पुढं भाकरी थापताना ओट्यावरच क्लिप उघडून ठेवायची, म्हणजे दोन निळ्या खुणा उमटल्या की पप्पांचं समाधान.

एका शनिवारी ते फोनवर म्हणाले, "आवाज फाटतोय गं. नूरकडं टाकतो गिटार." रविवारी क्लिप आली नाही. मिनलला वाटलं, गिटार चाचांकडं असेल. तिकडं चाचांना ते बोलले होते की रविवारी नातीला बघायला चाकणला जाईन. त्यामुळं चाचांना वाटलं, जयसिंग पोरीकडं असेल. दोघंही निवांत होते. सोमवारी शेजारणीला दाराशी दुधाच्या दोन पिशव्या दिसल्या, एक कालची आणि एक आजची.

गिटार पलंगावर होती. दुरुस्तीला गेलेलीच नव्हती.

त्यानंतर मिनलचं काय झालं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. काही झालं नाही, हेच झालं. पप्पांच्या पुण्यानुमोदनाला तिनं आलेल्यांना पाणी दिलं, खुर्च्या मोजून मंडपवाल्याला परत केल्या. "रडून घे गं," बायका म्हणाल्या. ती "हो" म्हणाली, जसं कुणी "जेवून घे" म्हटल्यावर म्हणावं तसं. दूध उतू जायचं आणि ती शेगडीसमोर उभी राहून ते बघत असायची. यशू उठून बसायला लागली, पहिले दोन दात आले. ती हसली की मिनलच्या लक्षात यायचं, आता आपणही हसायला हवं, आणि मग ती हसायची. तेवढ्यात पोरगी दुसरीकडं बघायला लागलेली असायची.

पोरीवर लक्ष मात्र डोळ्यांत तेल घालून. झोपलेल्या यशूच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, पुन्हा बघायचा. "अगं, चालू आहे तिचं," बुद्धरत्न, तिचा नवरा, शिफ्टवरून आल्यावर म्हणायचा. "तू जरा झोप."

जुन्या क्लिपा फोनमध्ये होत्या. त्या ऐकल्या की डब्यात खडे वाजावेत तसं काहीतरी वाजायचं, आत काही हलायचं नाही. एक दिवस तिनं कपाटामागची गिटार काढली, ऍम्प्लिफायरला जोडली आणि सहा तारा छेडल्या. आवाजच नाही. नुसती घरघर.

"पिकअप गेलंय," बुद्धरत्ननं मोबाईलमध्ये शोधून सांगितलं. तारांखाली काळी पट्टी असते ना, ती. तिच्यात लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ती थरथर तिथं पकडली जाते. "हे बघ, ऑर्डरप्रमाणं गुंडाळून देणारे लोक आहेत. जुना टोन पाहिजे तर जुना टोन."

मिनलनं फोन लावला. पलीकडचा मुलगा फार अदबीनं बोलत होता. "मॅडम, कुठल्या काळातला टोन हवाय? साठ, सत्तर? ब्राइट की वॉर्म?"

"माझे वडील वाजवायचे तसा."

"तसा ऑप्शन नाही मॅडम आमच्याकडं," तो म्हणाला, आणि लगेच "सॉरी" म्हणाला.

म्हणून ती यशूला घेऊन लांडेवाडीला गेली. तिला दुसरं काही नको होतं. तो खरा आवाज खोलीत एकदा घुमला, तर आपल्या आत जे बधिर होऊन बसलंय ते कदाचित हलेल, एवढंच तिला वाटत होतं. आणि नाही हललं तर? त्याचा विचार तिनं केला नव्हता.

चाचा खुर्चीत बसले होते. वाइंडिंगचं, मोटरींच्या तारा गुंडाळायचं काम त्यांनी कधीच सोडलं होतं, दोन्ही हात हलायचे. पेला धरला तरी चहा बशीत सांडायचा. आता सगळं काम मुलगा, रमीज, बघायचा. रमीजनं पट्टीवरचं काळं झाकण उचकटलं, तसे चाचा पुढं झुकले.

"अरे, ही तर माझीच हाय."

"तुमची म्हणजे?"

"मीच गुंडाळलेली. कंपनीत. आमी दोघं एकाच शेडमध्ये, तो मशीनवर, मी मोटर वाइंडिंगला. गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हता आणि आदल्या दिवशी याची गिटार मुकी झाली. जैसिंग रडकुंडीला आला. मग जेवणाच्या सुट्टीत बसलो. एक डोळा तारेवर, एक डोळा सुपरवायझरच्या केबिनवर. पकडलं असतं तर दोघंबी घरी." चाचा हसले. "ह्यो सारखा विचारायचा, झालं का रे, झालं का. मी म्हटलं, जैसिंग, तू गप बस न्हाईतर तुलाच गुंडाळतो."

मिनलनं विचारलं, "चाचा, त्या रविवारी ही बंद पडलेली होती का? म्हणजे... त्यांना वाजवायचं होतं आणि वाजलं नाही, असं झालं असेल का?"

चाचांनी पट्टी उजेडाकडं धरली. ती त्यांच्या हातात हलत राहिली. "तार कधी तुटली ते तिच्यावर लिहिलेलं नसतं, बेटा," ते म्हणाले. खोटं बोलले असते तरी चाललं असतं. पण नाही बोलले.

रमीजनं नवी कॉइल केली. त्याच्याकडं मशीन होतं, वेढे आपोआप मोजणारं. रिळावर दोरा असावा तशी एकाशेजारी एक तार बसली. मोटरीची करतात तशी त्यानं ती व्हार्निशमध्ये बुडवली, भट्टीत वाळवली, आणि पुढच्या खेपेला मिनल आली तेव्हा गिटारमध्ये बसवून तयार ठेवली होती. त्यानं सहा तारा छेडल्या. आवाज आला. स्वच्छ आणि सपाट.

"काय अब्बा? एकदम क्लिअर!"

"क्लिअर हाय," चाचा म्हणाले. "जैसिंग कधी क्लिअर बोलला का? अर्धं तोंडात, अर्धं मिशीत. हा आवाज तर बँकेतनं फोन येतो तसला हाय."

"आता बँकेतला म्हणा न्हाईतर पोस्टातला! फॉल्ट काढून दाखवा ना मग. एक वेढा इकडचा तिकडं न्हाई."

"तेच तर."

चाचा उठले. माळ्यावरून त्यांनी रमीजला जुनं हातयंत्र काढायला लावलं, लाकडी मुठीचं. रमीज कपाळाला हात लावून उभा राहिला. "अब्बा, तुमचा हात हलतो. तार केसासारखी आहे, राहणार आहे का ती तुमच्या हातात?"

"तेव्हाबी हलत व्हता. तेव्हा भीतीनं हलत व्हता, आता आपोआप हलतो. फरक काय? मिनल, तू मूठ फिरव. हळू."

रमीजनं यशूला उचलून घेतलं, तिच्या हातात एक रिकामं रीळ दिलं. मिनल मूठ फिरवू लागली. चाचांनी दोन बोटांत तार धरली. बोटं इकडून तिकडं थरथरत होती, आणि तार पडेल तशी पडत होती. आडवी, तिरकी, एकीवर दुसरी. ती तुटली. पुन्हा सुरुवात. पुन्हा तुटली.

"तुझा बापबी असाच फिरवायचा," चाचा म्हणाले. "मधेच जोरात. घाई काय हाय तुला?"

"मी जोरात फिरवत नाहीये."

"फिरवतीयास. मला कळतं ना."

तिसऱ्या वेळी तुटली तेव्हा रमीज बाहेर जाऊन चहा सांगून आला. चाचांच्या कपाळावर घाम होता. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट त्यांनी धरून पाहिलं, मग सोडून दिलं. गल्लीत दुपारची शांतता झाली, शेजारची प्रेस मशीन जेवणासाठी थांबली, आणि त्या वेळात कॉइल पुरी झाली. वाकडीतिकडी, एका बाजूला फुगलेली. रमीज व्हार्निशचा डबा घ्यायला वळला तसे चाचा ओरडले, "ते नको! तेव्हा मेणबत्ती वितळवून वतली व्हती." मग रमीज कोपऱ्यावरून मेणबत्ती घेऊन आला.

गिटार जोडली. "तूच छेड," चाचा म्हणाले.

मिनलला वाजवता येत नव्हतं. तिनं अंगठ्यानं सहा तारा वरून खाली छेडल्या आणि थांबली.

आवाज जाड होता, कडेला किंचित फाटलेला, एखादा माणूस बोलण्याआधी घसा साफ करतो तसा. चाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. रमीज यशूला झुलवायचा थांबला.

मिनल वाट बघत राहिली. आत काहीच झालं नाही. आवाज अगदी पप्पांचा नव्हता, हेही तिला कळलं. त्यांच्या शेजारच्या घरातून यावा तसा होता.

"जवळपास हाय," चाचा म्हणाले.

"हो."

"याच्याहून जवळ न्हाई जाता येणार, बेटा. मी तेव्हा पंचविशीत व्हतो."

निघताना त्यांनी तिला थांबवलं. हसीनाचाची गेल्यापासून ते दुकानाच्या मागच्या खोलीतच राहायचे, रमीजचं बिऱ्हाड कुदळवाडीला. "सकाळी मी एकटाच असतो," ते म्हणाले. "रोज एकदा छेड आणि पाठव. पोरीच्या कानालाबी सवय ऱ्हाईल." मग जरा थांबून, "आणि माझ्याबी."

तेव्हापासून सकाळी यशूला मांडीवर घेऊन मिनल सहा तारा छेडते. यशू तारांवर थापटी मारते, तीही क्लिपमध्ये येते. ती क्लिप लांडेवाडीला जाते, आणि थोड्या वेळानं चाचांचा आवाज परत येतो. एकच शब्द. "पोचला." कधी मागं शटर उघडल्याचा खडखडाट, कधी खोकला. मिनल तो ऐकते आणि कामाला लागते. तिला बरं वाटतं, असं म्हणता येणार नाही. पण ऐकल्याशिवाय ती चहा घेत नाही.

आज "पोचला" आलेला नाही.

क्लिप गेली आहे. खुणा निळ्या झालेल्या नाहीत. तिनं एकदाच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रमीज चाकणच्या एका कारखान्यात मोटर बसवायला गेलाय, आणि तिथं गेटवरच मोबाईल काढून घेतात. बुद्धरत्नची पहिली शिफ्ट आहे, फोन लॉकरमध्ये. मिनल पुन्हा फोन करत बसली नाही. ओट्यावर चहा तसाच ठेवून, यशूला टॉवेलात गुंडाळून, ती खाली उतरली आणि रिक्षात बसली.

आता ती मोशीच्या अलीकडं अडकली आहे. पुढं कंटेनर, मागं कंपन्यांच्या बसेस, रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलंय. "ताई, अर्धा तास तरी हलत न्हाई हे," तो म्हणाला, आणि मागं वळून बघत म्हणाला, "ताई, तुमचे हात..." मिनलनं हातांकडं पाहिलं. यशूच्या पाठीवर ते थरथरत होते. किती तरी महिन्यांनी तिला भीती वाटत होती, खरी, जड. शेजारच्या बाईकवाल्याला तिनं विचारलं, भाऊ, भोसरीला चाललात का. तो आळंदीला वळणार होता. पलीकडच्या टेम्पोला विचारलं. तोही अडकलेलाच.

म्हणून तुम्हाला विचारायचं. तुम्ही त्या बाजूला असाल, भोसरीत, लांडेवाडीत, तर जरा जाऊन या. कमानीतून आत शिरलात की दुसरी गल्ली, मोटर वाइंडिंगचं दुकान, दारात गंजलेल्या मोटरींची रास. शटर अर्धं वर असलं तर नुसती हाक मारून परत फिरू नका, मशीनच्या आवाजात त्यांचा एक कान गेलाय. वाकून आत बघा. खाली असलं, तर मागच्या बाजूला लोखंडी दार आहे.

ते जोरात वाजवा.