अव्वल मोतिया

टप्.

सकाळपासून सगळे अंगणात भट्टीभोवती बसून होते. गवत उकळणाऱ्या तांब्याच्या देगेच्या नळीतून तेलाचा पहिला थेंब बाटलीत पडला, तसे सगळे पुढे सरकले.

हिमायतनगरच्या माळावर रोशा गवताच्या दोन जाती, दिसायला जुळ्या बहिणी. मोतियाच्या तेलाला गुलाबाचा वास. त्यासाठी अत्तरवाले उंबरठा झिजवतात. सोफियाला सडक्या आल्याचा. डास पळवण्यापलीकडे तिला कुणी विचारत नाही. खरी जात कळते ती तेल निघाल्यावर. सालेहाच्या सासऱ्यांना, निजामोद्दीनना मात्र पान चुरगळलं की कळायची. तीन वर्षांमागं त्यांनीच डोंगरातली ठोंबं हुंगून हुंगून निवडली, वावरभर लावली.

"मोतिया निघाला तर ठीक," फैजाननं सालेहाला बजावलं होतं, "न्हाई तर देग मोडीत घालतो अन् हैदराबादला कामाला जातो." तेव्हापासून ती नवऱ्याच्या कपड्यांच्या ट्रंकेकडं बघायचंसुद्धा टाळत होती.

निजामोद्दीननी थेंबात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. "वाऽ! अव्वल मोतिया!"

रोज सकाळी नातीचं, जिक्राचं डोकं हुंगूनही ते असंच म्हणत. पोरगी खुदकन हसली.

सालेहानं बाटली नाकाशी नेली. सडकं आलं. तिला वाटलं, बूच लावावं अन् गप बसावं. तेवढ्यात फैजाननं बाटली ओढून घेतली.

"अब्बा, थट्टा करून राहिले का? ही तर सोफिया हाय!"

"सोफिया?" म्हातारा बोटाकडं बघत राहिला. "कोरोना झाल्यापासून मला कशाचाच वास येईना, बेटा. वाटलं, येईल परत. भट्टीवाल्याचंच नाक गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"तीन सालं, अब्बा!"

फैजान घरात गेला. फरशीवरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. देगेखालचा जाळ कुणी काढला नाही. थेंब पडतच राहिले.

दिवस कलला, डास घोंघावायला लागले. सालेहानं जिक्राला मांडीवर घेतलं आणि तेच तेल तिच्या इवल्या पायांना चोळायला लागली. दुसरं काय करणार त्याचं?

भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांकडं बघत जिक्रा हळूच म्हणाली, "अम्मी, मग दादा माझं डोकं हुंगून मोतिया म्हणतात, ते बी लटकंच का?"