पुलावर थांबलेली चाल

मित्रांनो, तुमच्या घरातल्या माऊसच्या पोटात दिवा असतो. माझ्या पोटात रबर चढवलेला एक जड गोळा आहे. यावरून माझं वय तुम्हीच ताडा. मी टेबलावर फिरलो की गोळा फिरतो आणि गोळा फिरला की पडद्यावरचा बाण हलतो. तो बाण म्हणजे माझंच बोट. त्या बोटाने मी पुष्कळ लढाया पाहिल्या, पण त्यातली एकच तुम्हाला सांगायची आहे. बाकीच्या तेव्हाच संपल्या. ही कितीतरी वर्षं अडून राहिली.

माझ्या जन्माचं कौतुक करण्यासारखं काही नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकत आलो, कोणीतरी शेपटी जोडली, खोक्यात भरलं. आयुष्य सुरू झालं ते एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत. पुढे कपडे बेतायचं मोठं टेबल, मागे घर. घरात मास्तर, त्यांची बायको आणि एक मुलगी. गिऱ्हाइकांची मापं साठवायला म्हणून संगणक आणला होता. मापं काही त्यात गेली नाहीत, ती मास्तरांच्या डोक्यातच राहिली. मग मुलीने मैत्रिणीकडून एका खेळाची तबकडी आणली आणि आम्हाला काम लागलं.

खेळ असा होता. दोन प्रवासी रानावनातून निघालेले, वाटेत लांडगे, दरोडेखोर आणि हाडांचे चालते सापळे. पण लढाई तुमच्या हल्लीच्या खेळांसारखी धावपळीची नाही. बुद्धिबळासारखी आळीपाळीने. तुमची चाल असेल तेव्हा सगळं जग खोळंबून उभं. प्रत्येकाला चालीपुरता मोजका दम. चार पावलं चाला, एक वार करा, दम संपला की उभे राहा गप्प. दोघांतला ढालवाला मास्तरांचा. आग फेकणारी पोरगी लेकीची. ती इतकी आग फेके, की मास्तर लेकीलाच ठिणगी म्हणू लागले. पुष्कळदा त्या आगीत दरोडेखोर राहायचा बाजूला आणि ढालवालाच होरपळायचा. मास्तर म्हणत, शत्रू परवडला, पण ही सोबत नको.

एकाची चाल झाली की मी दुसऱ्याच्या हातात जाई. मास्तरांच्या बोटांना खडूची भुकटी असायची. ते बाण प्रत्येक चौकोनावरून फिरवून आणत, आडोसा कुठे, उंचवटा कुठे, पाठ कोणाकडे होईल ते बघत, आणि मग पुन्हा पहिल्या चौकोनावर येऊन विचार करत. ठिणगी खुर्चीवर चुळबुळत राही. आई चहा ठेवायला येत, तो गार झाल्यावर पुन्हा येत आणि विचारत, "अहो, ही लढाई आहे की सरकारी कचेरी? एकाचं काम झाल्याशिवाय दुसरा हलतच नाही."

घराचे दोन नियम होते. पहिला, ज्याची चाल त्याचाच हात. दुसरा, दोघं बसल्याशिवाय खेळ पुढे न्यायचा नाही. मास्तरांचा आणखी एक हट्ट होता. चाल चुकली की जुनी साठवलेली जागा उघडून पुन्हा खेळता येतं, सगळं जग तेच करतं. मास्तर करू देत नसत. कापड एकदा कापलं की कापलं, असं त्यांचं म्हणणं.

आणि ती बाटली. खेळाच्या अगदी सुरुवातीला ढालवाल्याला एक औषधाची बाटली मिळाली होती, पडलेल्याला उठवणारी. पुन्हा तशी मिळाली नाही. मास्तरांनी ती वेळेला लागेल म्हणून जपली. किती वेळा ढालवाला मरता मरता वाचला, पण बाटलीला हात नाही. ठिणगी चिडवायची, बाबांनी ती म्हातारपणासाठी ठेवली आहे.

ती लढाई एका अरुंद लाकडी पुलावर झाली. दोन्ही टोकांना दरोडेखोर. मास्तरांचा बेत असा की पुलाच्या तोंडाशी ढाल रोवून उभं राहायचं आणि एकेकाला येऊ द्यायचं. ठिणगीला दम निघाला नाही. शंभरात पंचाण्णव वेळा नेम लागेल असं खेळ सांगत होता, म्हणून ती धावत पुलाच्या मधोमध गेली आणि आग फेकली. नेम हुकला. ज्याने असे खेळ खेळले आहेत त्याला त्या पंचाण्णवाची किंमत माहीत आहे. मग दरोडेखोरांची चाल आली, आणि पोरगी पुलावर आडवी झाली.

ठिणगी जुनी जागा उघडू म्हणाली. मास्तर म्हणाले, कापलं ते कापलं, आता आहे त्या कापडातच बसवू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्याशी खेळण्यात मजाच नाही," ती म्हणाली. "सगळं मोजूनमापून." आणि उठून गेली. मास्तर मला तसेच धरून बसले होते. आता त्यांची चाल होती.

राग दोन दिवसांत गेला असता. पण परीक्षा आल्या, मग परगावचं कॉलेज, मग नोकरी. ती यायची, कपडे धुवायला टाकायची, दोन दिवस झोपायची आणि जायची. सुट्टीच्या दुपारी मास्तर खेळ उघडत, बाण ढालवाल्यावर नेऊन ठेवत, थोडा वेळ बघत आणि बंद करत. आई म्हणायच्या, खेळा की एकटे. मास्तर म्हणत, ती नसताना चाल कशी करणार?

पुढे संगणकावर अभ्रा चढला आणि मला खणात टाकलं, तुटक्या कात्रीशेजारी. मित्रांनो, अंधाराचं मला वाईट वाटलं नाही. आपल्याला कोणी शोधतही नाही, याचं वाटलं.

नंतरचं मला खणातून ऐकू आलं ते असं. मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या सदऱ्यांना काजं केलेल्या माणसाची बटणं आता दुसरे लावत. घास भरवायला माणसं होती. पण सगळ्यात जास्त मदत त्यांच्या बोलण्याला होई. त्यांनी "पा" म्हटलं की कोणी पाणी आणी, कोणी पांघरूण. सगळी मायेचीच माणसं. पण हळूहळू मास्तर "पा" म्हणायचेही थांबले.

ठिणगी रजा काढून आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी डावा हात कामात ठेवा असं बजावलं होतं. तिने आपला लॅपटॉप आणि नवा माऊस पुढे ठेवला. तो बिचारा हलकाफुलका. हात जरा थरथरला की बाण पडद्याच्या कोपऱ्यात. मास्तरांनी तो दूर सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग खण उघडला.

तिने माझं पोट उघडून गोळा धुतला, आतल्या चाकांना गुंडाळलेला दोऱ्यांचा गुंता सुईने काढला. तिच्या बोटांना जुना खडू लागला. संगणक कुरकुरत का होईना, सुरू झाला. आणि पूल तिथेच होता. दरोडेखोर तलवार उगारून उभे, पोरगी आडवी, ढालवाल्याची चाल.

मास्तरांचा डावा हात माझ्यावर आला. मी जड आहे, घट्ट आहे, थरथर मला पटकन कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मंदपणाचा अभिमान वाटला. बाण निघाला. ढालवाला पुलावर चढला, एक घाव खाल्ला, दुसरा खाल्ला, पोरीजवळ पोचला. आता दम एवढाच की एक वार, किंवा एक बाटली. बाण बाटलीकडे वळला आणि चुकला. पुन्हा वळला, पुन्हा चुकला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ठिणगीला सगळं कळत होतं. तिचा हात अलगद येऊन त्यांच्या हातावर बसला, बाण नेऊन द्यायला.

"हात काढ," मास्तर म्हणाले. शब्द अडखळत आले, पण आले. "चाल माझी."

तिने हात काढला. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. दारात आई चहा घेऊन उभ्या होत्या. चहा गार झाला. मग बाण बाटलीवर गेला आणि माझं बटण दाबलं गेलं. पुलावर आडवी पडलेली पोरगी उठून बसली.

ठिणगी रडत होती. मास्तर तिच्याकडे वळले. "आता," ते म्हणाले, आणि अडकले. पुढचा शब्द तिला माहीत होता. आईंना माहीत होता. मलाही माहीत होता. कोणीच तो त्यांच्या तोंडून काढून घेतला नाही.

"तुझी," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, तो पूल अजून पार झालेला नाही. रोज थोडं थोडं चालतं. माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. माझं आता किती राहिलं आहे! एवढंच सांगतो. तुमच्याही घरात कोणी सावकाश बोलत असेल, सावकाश जिना चढत असेल, तर त्याची चाल तुम्ही करून टाकू नका. शेजारी बसा. चहा गार होऊ द्या. बाण पोचतो, मी पाहिलं आहे.