पाहुण्यांचा ब्रश

माझ्या सासुरवाडीच्या बेसिनवर काय काय असतं ते सांगतो, पण नुकतंच जेवण झालं असेल तर जरा थांबून वाचा. पेल्यात बुडवलेली सासऱ्यांची कवळी. त्यांच्या छातीवर रुळणाऱ्या दाढीच्या तेलाची बाटली, तेल ओघळून बुडाशी धूळ धरलेली. मेव्हण्याचा कंगवा, त्याच्या दातांत टायरच्या दुकानातला सगळा काळा मळ. बायकोचे गळालेले केस, जे ती बोटाला गुंडाळून टाईलवर चिकटवते आणि विसरते. आणि या सगळ्याच्या मधोमध, साबणाच्या चिखलात आडवा पडलेला माझा दाढीचा ब्रश.

बदली होऊन आम्ही या गावात आलो तेव्हा सासरे म्हणाले, घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहा. घर काही मिळत नव्हतं आणि यांच्याकडे बाथरूम एकच. मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या पोटातलं नको ते बघतो, पण हातमोजे घालून. घरी हातमोजे नसतात. बायको म्हणते, "तुला किळस यायला काही निमित्त लागत नाही." लागतं. या घरात ते पावलापावलावर मिळतं, एवढंच.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानात गेलो. ब्रश उलटा टांगायचा तारेचा स्टँड घेतला, फुंकर मारली तर पडेल असा. भोकांची साबणदाणी घेतली, तळाला पाणी गळायची ताटली असलेली. वापरलेली ब्लेडं टाकायला फटीची डबी, रेझर अडकवायला काचेला चिकटणारा रबरी हुक, आणि सगळं मावेल असा एक प्लास्टिकचा ट्रे. सगळं मिळून एका सिनेमाच्या तिकिटाएवढेही पैसे झाले नाहीत.

मांडणी झाल्यावर घरच्यांना बोलावून दाखवली. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, बघायला तिकीट लावा." सासऱ्यांनी दाढीवरून हात फिरवत विचारलं, "ब्रशला फाशी कशासाठी दिलीत?" सासूबाई एरवी फार बोलत नाहीत. त्या जवळ येऊन एकेक वस्तू बघत म्हणाल्या, "वापरून झालं की रोज असंच ठेवायचं का?"

"अस्संच," मी म्हणालो.

आता घाणीचं एक बरं असतं, तिच्यात कोणी काय हलवलं ते कळत नाही. नीटनेटकेपणात चोर लगेच सापडतो. सकाळी टांगलेला ब्रश संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळायला हवा. मी घरी येऊन हात लावला तर ओला. दुसऱ्या दिवशी ओला, तिसऱ्या दिवशीही. साबणावर बोटभर मऊ खळगा. जो ब्रश मी ओठांपर्यंत फिरवतो, तो रोज दुपारी दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडावरून फिरून येत होता. त्या दिवशी घास तोंडात फिरायला लागला.

दुपारी घरात कोण असतं? सासरे. त्यांनी लग्नापासून दाढीला पातं लावलेलं नाही. आणि दुकानातून जेवायला येणारा मेव्हणा. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोरच विचारलं, "माझा ब्रश कोण वापरतं?"

सासूबाईंच्या हातातला डाव भांड्यावर वाजला. मेव्हणा म्हणाला, "माझ्याकडे बघून का विचारताय? मी मशीन वापरतो."

"आणि मशीन बिघडलं की?"

"दिवसभर टायर खोलतो म्हणून मी घाणेरडा, असंच ना?"

खरं सांगायचं तर असंच. मी म्हणालो, "तू हात धुतल्यावर बेसिनचं काय होतं ते एकदा बघ." बायकोने टेबलाखालून मला लाथ मारली, पण तोंडातून निघालं ते निघालं. मेव्हणा भरल्या ताटावरून उठला. गादी गुंडाळली आणि दुकानाच्या माळ्यावर राहायला गेला. ताईचा नवरा या घरात आहे तोवर मी पाऊल टाकणार नाही, असा त्याचा निरोप आला.

दुसऱ्या दिवसापासून ब्रश कोरडा. मी तो बायकोच्या हातात दिला. "बघ."

"बघितला," ती म्हणाली. "एका ब्रशापायी माझा भाऊ घालवलास."

सासूबाई रोज मेव्हण्याचा डबा भरून सासऱ्यांबरोबर पाठवायच्या आणि तो तसाच परत यायचा. आता त्या तोंडावर हात धरून वावरू लागल्या. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

सुट्टीच्या दिवशी मी रेझर खोलून धुवायला घेतला. ब्लेडखालच्या पट्टीवर साबणाचा जुना थर होता आणि त्यात अडकलेले आखूड, जाड, पांढरे केस. माझे केस काळे. मेव्हण्याचे काळे. सासऱ्यांचे पांढरे, पण वीतभर लांब. मी नळ चालू ठेवून तसाच उभा राहिलो. सकाळी चहा द्यायला सासूबाई वाकल्या होत्या तेव्हा खिडकीचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. तिथे पांढरं काहीतरी होतं. पीठ लागलंय, असं मी सांगणारही होतो.

मग सगळं जुळलं. या वयात चिमट्याने उपटायला डोळे साथ देत नाहीत. लेकाच्या मशीनचा आवाज घरभर जातो. दुकानात जाऊन रेझर मागावा तर कोणासाठी म्हणून सांगणार, नवऱ्याची दाढी तर गावाला माहीत. माझा ब्रश आणि रेझर तेवढे मुके होते.

अशा वेळी माणसाला दया यायला हवी. मला शिसारी आली. सासूची हनुवटी आणि माझे ओठ, मध्ये एकच ब्रश. मी ब्रश, साबण, रेझर, सगळं कचऱ्याच्या बादलीत टाकलं आणि कोपरापर्यंत हात घासले. दार उघडलं तर बादली न्यायला सासूबाईच दारात उभ्या. आत वाकून त्यांनी ती उचलली. ब्रशचा दांडा वर आला होता. त्यांनी तो बघितला, मग मला बघितलं, आणि हात हनुवटीवर गेला.

"खराब झाला का?" त्यांनी विचारलं.

"हो. केस यायला लागले होते," मी म्हणालो. म्हणायचं होतं, ब्रशचे केस निघायला लागले होते. शोधूनही याहून वाईट वाक्य सापडलं नसतं.

सासूबाईंचे डोळे भरले. "जावईबापू, त्याला बोलवा घरी. मी सगळ्यांसमोर सांगते काय ते. माझ्यापायी लेकरू बाहेर नको."

"तुम्ही काही सांगायचं नाही, आई," मी म्हणालो. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि ते केवळ शरमेने नव्हतं, हेही मला कळत होतं. त्याचीच मला जास्त किळस आली.

मी टायरच्या दुकानात गेलो. दुकानातले सगळे ऐकत असताना म्हणालो, "चूक माझी. तो स्टँड भिकार निघाला. ब्रशच्या दांड्यात पाणी मुरायचं, म्हणून तो दिवसभर ओला राहायचा. कोणी वापरत नव्हतं."

मेव्हण्याने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे लॅबमध्येही असेच रिपोर्ट देता?"

दुकान हसलं. मी ऐकून घेतलं. मग त्याने ग्रीसने माखलेला हात पुढे केला, मुद्दामच, आणि मी तो धरला. सोडेपर्यंत श्वास घेतला नाही.

येताना पुन्हा त्या स्वस्त दुकानात शिरलो. रेझर, ब्रश, साबण, मांडणीसकट सगळं दोन-दोन घेतलं. एक ट्रे निळा, एक पिवळा.

"दोन कशाला?" जेवताना सासऱ्यांनी विचारलं.

"एकावर एक फुकट होतं. पिवळा पाहुण्यांसाठी."

"आपल्याकडे कुठले पाहुणे?" मेव्हणा म्हणाला.

"वायाच जाणार असेल तर मीच उतरवतो दाढी," सासरे म्हणाले.

"नको बाबा," मी घाईघाईने म्हणालो. "दाढीशिवाय तुम्हाला कोण ओळखणार?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मान खाली घालून जेवू लागली. सासूबाईंनी मला न मागता वाढलं.

आमच्याकडे अजून एकही पाहुणा आलेला नाही. तरी पिवळ्या ट्रेमधला ब्रश संध्याकाळी ओला असतो, धुतलेला, उलटा टांगलेला, अस्संच. भोवतीचं बेसिन पुसलेलं असतं. मी त्या ट्रेला बोट लावत नाही. खोटं कशाला बोलू, बघितलं की अजून शिसारी येते. पण सासूबाई आता तोंडावर हात न धरता बोलतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलतात.

काल चहाचा कप माझ्यासमोर ठेवत त्या म्हणाल्या, "जावईबापू, दुकानाकडे गेलात तर पाहुण्यांची ब्लेडं घेऊन या. संपलीत."