मुक्ताबाईंचं मत आणि मी

भिंतीवर चौकोनी उजेड पाडायचा, एवढंच माझं काम. मित्रांनो, मी प्रोजेक्टर आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्यात पिवळा डाग पडला आहे. त्यामुळे भिंतीवर कोणाचाही फोटो आला, तरी त्याच्या एका गालावर ऊन पडल्यासारखं दिसतं. मुलं हसतात. मला राग येत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेली बोटं, बारीक स्क्रू, आणि मग खोक्यातला अंधार. त्या अंधारातून बाहेर आलो तो थेट शिरूर तालुक्यात, खडकमळ्याच्या शाळेत. न्हावऱ्याहून उसाच्या शेतांतून एक रस्ता जातो, त्याच्या कडेला ही दोन खोल्यांची शाळा होती.

मला शाळेला दिलं ते हौसरावांनी. हौसराव वस्तीतले मोठे बागायतदार. सोसायटीत, डेअरीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांचे वडील वारले, तेव्हा ते म्हणाले, "जेवणावळी घालून काय होणार? पोरांच्या उपयोगाचं कायतरी देऊ." माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात त्यांनी वडिलांचं नाव लिहून घेतलं, 'कै. सावळाराम यांच्या स्मरणार्थ'. माझ्यापुढे नारळ फोडला. त्यांची आई मुक्ताबाई पुढे आल्या आणि त्यांनी मला हळद-कुंकू लावलं. थोडं कुंकू माझ्या जाळीत गेलं. हौसराव त्या दिवशी मुलांइतकेच खूश होते. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शाळेत शिकवायला सुषमाबाई होत्या. त्यांच्या हातात माझ्या आयुष्याचं चीज झालं. खिडक्यांना जुन्या चादरी लावून बाई अंधार करायच्या आणि माझ्यातून एकेक माणूस भिंतीवर यायचा. गांधीजी समुद्राकडे झपाझप चालत निघाले, की पहिलीतली पोरं उठून त्यांच्याबरोबर जागच्या जागी चालू लागायची. सावित्रीबाई आल्या, की मुली सरसावून बसायच्या. बाबासाहेब आले, तेव्हा बाईंनी मुलांना विचारलं, "ज्याच्याकडे पन्नास एकर आहेत त्याला किती मतं? आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला?"

"त्याला न्हाईच," एक जण म्हणाला.

"त्यालाही एक आणि ह्यालाही एकच," बाई म्हणाल्या. मुलांना ते खरं वाटेना.

म्हणून बाईंनी वर्गातच निवडणूक घेतली. आपल्या मोबाइलमध्ये त्यांनी मतदानाचं यंत्र तयार केलं, त्याच्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि बोटाला शाई म्हणून स्केचपेनचा ठिपका ठेवला. उमेदवार दोघी होत्या. हौसरावांची सायली, तिचं चिन्ह पेरू. आणि बौद्धवस्तीतल्या पोपटची तेजश्री, तिचं चिन्ह चिमणी. पोपट रांजणगावच्या कंपनीत कामाला होता. निकाल मी भिंतीवर दाखवला. चिमणी निवडून आली. सायली रडली. पण खिचडीची सुट्टी झाली, तेव्हा दोघी एकाच ताटात जेवत होत्या.

मग आजी-आजोबांचा दिवस आला. बाईंनी घरोघरची म्हातारी माणसं शाळेत बोलावली आणि त्यांनाही तसंच मतदान करायला लावलं; चिन्हं आणि बटणं मी भिंतीवर मोठी करून दाखवली. मुक्ताबाईंची पाळी आली, तर त्या मागे सरल्या.

"मला न्हाई येत, बाई. आधी ह्यांनीच शिक्का मारला माझा. मशिनी आल्या, तवापासून हौसा दाबतो."

"आजी, मी शिकवते तुला," म्हणत सायलीने त्यांचा हात धरला आणि चिन्ह कुठलं, बटण कुठलं ते दाखवलं. मग आजीला आडोशाआड सोडून ती बाहेर आली. मुक्ताबाईंनी बराच वेळ घेतला. बाहेर आल्या, तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर हसू.

"कुणाला दिलं गं, आजी?" सायलीने विचारलं.

आजी सांगणारच होत्या. इतक्यात बाई म्हणाल्या, "अं हं, आजी, सांगायचं नाही. मत गुप्त असतं. ते तुमचं एकटीचं."

मुक्ताबाईंनी बाईंकडे बघितलं. "एकटीचं?" त्या म्हणाल्या. "बाई, माझं लुगडं सुदिक मी कवा एकटीनं पसंत केलं न्हाई."

बाया हसल्या. मुक्ताबाई हसल्या नाहीत. बाकावर जाऊन बसल्या आणि बोटावरचा स्केचपेनचा ठिपका बघत राहिल्या.

त्या वर्षी गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातून हौसराव उभे राहिले. निवडून येणार हे सगळे धरूनच चालले होते. पण त्यांच्यासमोर पोपटने अर्ज भरला. "हे काय, पोपटनं उभं ऱ्हायचं?" लोक शाळेच्या कट्ट्यावर बसून म्हणायचे. कोणी हसून म्हणायचं, कोणी रागाने.

मतदानाला आमचीच खोली घेतली. बाक एका बाजूला गेले. मला कपाटावर चढवून वर चादर टाकली. मला काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. नाव पुकारायचे, पावलं वाजायची, मग यंत्राची लांब शिट्टी.

दुपारी मुक्ताबाईंचं नाव पुकारलं. त्यांच्याबरोबर हौसरावांचा थोरला, सत्यजीत, आला होता.

"साहेब, आजीला नीट दिसत न्हाई. तिचं मी दाबतो."

"आजी, दिसतं का तुम्हाला?" अधिकाऱ्याने विचारलं.

मग मुक्ताबाईंचा आवाज आला. "दिसतंय की. सुईत दोरा माझा मीच ववते."

"आजी, आगं..." सत्यजीत पुटपुटला.

"तू भाइर थांब, बाळा. माझं मी दाबते."

त्यांची पावलं एकटीच आडोशाकडे गेली. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. बस्स. त्यांनी कोणाला मत दिलं ते मला ठाऊक नाही, मित्रांनो. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली आणि पोपट थोडक्यात निवडून आला. कोणाची मतं फुटली, कोण ऐनवेळी फिरलं, देव जाणे. पण आजीने आपल्याला बाहेर थांबवल्याची गोष्ट सत्यजीतने दोस्तांना सांगितली होती आणि ती वाऱ्यासारखी पसरली. डेअरीवर कोणीतरी हौसरावांना तोंडावर म्हणालं, "हौसराव, घरचंच मत न्हाई मिळालं, मग गावाचं काय घेऊन बसलाय?"

त्या दिवशी मी भिंतीवर लालबहादूर शास्त्रींचा फोटो दाखवत होतो. दारात हौसराव उभे राहिले. चपला न काढता आत आले.

"बाई, हे बंद करा."

"काय झालं, दादा?"

"ह्याच्यावरच शिकवलं न्हवं तुम्ही माझ्या आईला? पोराच्या विरोधात कसं दाबायचं ते?"

"मी फक्त दाबायचं कसं ते शिकवलं. कोणाला, ते नाही शिकवलं," बाई म्हणाल्या.

"माझ्या बापाच्या नावानं दिलंय मी हे. आमच्या घरात भांडण लावायला न्हाई दिलं."

"दादा, मुलांचं आहे हो ते."

हौसरावांनी ऐकलं नाही. माझी वायर खेचली. भिंतीवरचे शास्त्रीजी एकदम नाहीसे झाले. मला काखेत मारून ते निघाले, तेव्हा पहिल्या बाकावर बसलेल्या सायलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

त्यांच्या बंगल्यात मला मुक्ताबाईंच्या खोलीत कपाटावर टाकलं. टाकलं म्हणजे अक्षरशः टाकलं. माझ्या काचेला डाग पडला तो तेव्हाच. तिथून पुढचे दिवस आम्ही दोघं एकाच खोलीत काढले. उघड्या दारातून मला बाकीचं घर दिसायचं.

हौसरावांनी आईशी बोलणं सोडलं. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलणं सोडलं. "सायले, तिला म्हणावं जेवून घे." "अनुपमा, तिला विचार गोळ्या संपल्या का." आई समोर बसलेली असायची आणि मुलगा तिच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचा. सून अनुपमा दोघांच्या मधे ताट घेऊन उभी राहायची. पुढे मुक्ताबाई आपलं ताट खोलीतच मागवू लागल्या. जेवताना दाराकडे बघत बसायच्या.

कधी त्या स्टुलावर चढून पदराने माझ्यावरची धूळ पुसायच्या. "तुला बी बसवलं व्हय रं गप," म्हणायच्या. एका यंत्राशी बोलायची वेळ त्यांच्यावर आली होती, आणि मला साधं हूं म्हणता येत नव्हतं.

एके दिवशी सायली शाळेतून आली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली.

"आजी, मी तुला शिकवलं म्हणून झालं का गं हे?"

"न्हाई गं माझी बाय. तू चांगलं शिकवलंस."

"मग तू सांगून टाक ना अण्णांना. त्यांनाच दिलं म्हणून सांग. खोटं सांग पाहिजे तर."

मुक्ताबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "आन् ते खरं आसलं तरी तुझ्या अण्णाला ते खोटंच वाटंल की गं," त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यात सुषमाबाईंनी बदली मागून घेतली. त्या दौंड तालुक्यात गेल्याचं सायलीनेच घरात येऊन सांगितलं. हौसराव तेव्हा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, एवढंच.

थंडी सुरू झाली आणि मुक्ताबाईंना खोकला लागला. आधी वस्तीवरच्या डॉक्टरचं औषध झालं, मग शिरूरला दवाखान्यात नेलं. तिथून घरी आणलं ते आता काही उरलं नाही म्हणूनच. त्या खाटेवर होत्या. अनुपमा पाय चोळत होती. हौसराव दाराशी येऊन थांबले. मग आत आले आणि खाटेच्या कडेला बसले.

"आई," ते म्हणाले.

किती दिवसांनी तो शब्द त्या खोलीत आला होता! मुक्ताबाईंनी डोळे उघडले.

"आई, येकदाच सांग. कुणाला दिलंस तू?"

मुक्ताबाईंना श्वास पुरत नव्हता. तुटक तुटक बोलल्या. "तुला दिलं म्हणलं, तर तुला वाटंल आई मरताना खोटं बोलली. न्हाई दिलं म्हणलं, तर तू जलमभर जेवायचा न्हाईस नीट. मग काय सांगू तुला, हौसा?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "जेवलास का?"

हौसरावांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाई गेल्या.

विधी आटोपले, तेव्हा हौसरावांनी मला कपाटावरून खाली काढलं, एका जुन्या शालीत गुंडाळलं आणि सायलीला घेऊन जीपने निघाले. मला वाटलं, खडकमळ्याची शाळा. पण जीप थांबेना. ती थेट दौंड तालुक्यात गेली, भीमेच्या काठच्या एका शाळेपुढे. वर्गात सुषमाबाई होत्या. हौसरावांना बघून त्या दचकून उभ्या राहिल्या. सायली धावत जाऊन त्यांना बिलगली.

हौसराव चपला काढून आत आले आणि त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

"बाई, हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तिकडं आता कुणाला चालवता येत न्हाई."

"आजी बऱ्या आहेत ना?" बाईंनी विचारलं.

हौसरावांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली. बाई खुर्चीवर बसल्या. मग हौसराव हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला कधी बोलली का ती? कुणाला दिलं ते?"

"नाही, दादा. आणि बोलल्या असत्या, तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं."

मला वाटलं आता ते चिडतील. ते चिडले नाहीत. "बरोबर हाय," ते म्हणाले. "मत तिचं व्हतं. पण तिच्याशी बोलायचं का न्हाई, ते तर माझ्या हातात व्हतं ना, बाई? वर्षभर माझी आई दाराकडं बघत जेवली." आणि एवढा मोठा माणूस, अनोळखी पोरांच्या देखत, मुलांच्या बाकावर बसून रडला.

पोरं घाबरून बघत होती. सायली त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

आता मी इथेच आहे. बाई अजून खिडक्यांना चादरी लावतात, अजून मुलांकडून मत टाकून घेतात आणि कोणी शेजाऱ्याला "कुणाला दिलंस?" विचारलं, तर त्याला गप्प बसवतात. माझा दिवा मंद झाला आहे, पंखा खरखरतो. फार दिवस मी चालणार नाही.

तेव्हा, मित्रांनो, ऐका. माझी काच कोरड्या, मऊ फडक्याने पुसा आणि मला बंद केल्याबरोबर वायर ओढू नका, थोडा वेळ थंड होऊ द्या. हे कोणताही प्रोजेक्टर तुम्हाला सांगेल. मला आणखी एक सांगायचं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही घरात निवडणुका येतील. घरातल्या कोणी आपलं मत सांगितलं नाही, तर त्याला विचारू नका. आणि त्या दिवशी त्याच्याच शेजारी जेवायला बसा.