रांगेतल्या घागरी

दुष्काळात आमच्या वाळूजच्या वस्तीत माणसाच्या जागी घागरच रांगेत उभी राहायची. कुणाची कोणती, सगळ्यांना ठाऊक. मोनिकाची पिवळी घागर सकाळी मीच माझ्यापुढं लावली होती. तिची अन् माझी भिंत एकच.

टँकर आला, हॉर्न वाजला, पण एक दार उघडलं नाय. कुणाच्या मोबाईलवर टँकर रद्द होता, कुणाच्या मोबाईलवर तो देवळापाशी उभा होता, तर कुणाच्या मोबाईलवर पाण्यात विष होतं.

"अगं बायांनो, डोळ्यांनी बघा की!" मी ओरडले.

आतून कुणीतरी म्हणालं, "मावशी, टँकरचा जुना व्हिडिओ फिरतोय. फसू नका."

ड्रायव्हरनं मला विचारलं, "वस्ती उठून गेली का काय?"

मी रागारागानं सगळ्यांच्या घागरी एकटीनं भरल्या. दिवस मावळला तरी कुणी उचलायला आलं नाय. काठोकाठ भरलेल्या घागरींवर कावळे बसले होते.

तेवढ्यात वस्तीच्या ग्रुपवर फोटो आला. खिडकीतून काढलेला. माझ्या हातात टँकरचा पाईप, पुढं घागरी. खाली मोनिकानं लिहिलं होतं, "पाणी पिऊ नका. ही बाई कोण हाय, कुणाला माहीत?"

भिंतीपलीकडं तिचं लेकरू पाण्यासाठी रडत होतं.