यादीतून काटलेला शालिकराम

"शालिकराम बळीराम. नावावर काट आहे. मयत," कारकुनाने सांगितलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

शालिकराम हसला. चौदा वर्षं नैरोबीच्या रेल्वे कारखान्यात इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला सरकारी चुका नव्या नव्हत्या. दोन महिन्यांची रजा काढून, बोटीने मुंबई गाठून तो आज सकाळी नागपूर स्टेशनावर उतरला होता, आणि घरीसुद्धा न जाता थेट या शाळेत मत टाकायला आला होता.

आता याला खूळ म्हणा. नैरोबीत बाकीच्यांना बायकोमुलांची काळजी, याला इलेक्शनची. यंदा, १९३७ साली, प्रांताच्या असेंब्लीत आपली माणसं बसणार असं छापून आल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. तिकडे गोऱ्यांच्या बाकावर बसायची सोय नव्हती, मग मत कुठलं? आपलं नाव जिथल्या यादीत आहे तो आपला देश, असं त्याने ठरवून टाकलं होतं. धाकट्या भावाला, रुपरावला, तो दर टपालाने विचारी, नाव चढलं का? रुपराव लिही, चढलं, काळजी नसावी. लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनाही मत आहे हे कळल्यावर तर त्याने पत्रांचा मारा करून प्रयागबाईला, आपल्या बायकोला, अक्षरं गिरवायला लावली. बिचारीने लुगडं मागितलं होतं, याने पाटी घ्यायला सांगितलं. आपण येतोय हे मात्र त्याने कोणालाच कळवलं नाही. अचानक पुढे उभं राहून सगळ्यांची गंमत करायची होती.

"मी जिता हाय साहेब," तो म्हणाला.

मतदान अधिकारी पोक्त आणि सभ्य होते. ओळख पटवणारा कोणीतरी आणा, म्हणाले. शालिकरामने नजर फिरवली, तर एका उमेदवाराचा एजंट म्हणून बिल्ला लावून रुपरावच टेबलाशी बसलेला. त्याचा जीव भांड्यात पडला.

रुपरावने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज नाही उतरला.

"आमचा दादा आफ्रिकेत तापानं गेला. सहा वर्सं झाले. हे कोन हायत, मले नाई मालूम."

अधिकाऱ्यांनी यादी पुढे सरकवली. घराचा नंबर तोच, मालक रुपराव. थोरला भाऊ वारला असं लिहून देऊन त्याने शालिकरामचं घर आपल्या नावावर करून घेतलं होतं. घराचा कर भरणाऱ्याला मत असे; या घराच्या करावरच त्याला ते मिळालं होतं, आणि मोहल्ल्यातला मानही. रांगेतल्या दोघातिघांनी शालिकरामला ओळखलं असावं. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? ते भिंतीकडे बघत राहिले.

तेवढ्यात त्याला बायकांच्या रांगेत प्रयागबाई दिसली. कपाळ पुसलेलं, गळा मोकळा. यादीत विधवा म्हणून चढवलेली बाई कुंकू लावून कशी आणणार? रुपराव पक्का माणूस. तरीही शालिकरामला आशा वाटली. ती माझी बायको आहे, तिलाच विचारा, असं तो हात जोडून म्हणाला.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं म्हणजे बायकांना मेल्याहून मेल्यासारखं. यादी करायला दारोदार फिरलेले कारकून त्यापायी रडकुंडीला आले होते. अधिकाऱ्यांना हे ठाऊक होतं.

"बाई, नाव घेऊ नका," ते मायेने म्हणाले. "हा माणूस तुमचा नवरा आहे का, तेवढं नुसतं मानेने सांगा."

नाव घ्यायला सांगितलं असतं तर ती गप्प राहिली असती, आणि बिचारी लाजली असं शालिकरामला जन्मभर म्हणता आलं असतं. त्या भल्या माणसाने तेवढीही सोय ठेवली नाही.

प्रयागबाईने मान आडवी हलवली. मग मताचा कागद घेऊन ती पेट्यांकडे, पडद्याआड गेली.

शिपायाने शालिकरामला फाटकाबाहेर काढलं. तोतया म्हणून पोलिसात देत नाही हे उपकार समज, असंही ऐकवलं. थोड्या वेळाने प्रयागबाई बाहेर आली. रुपराव टांगा बघायला कोपऱ्यावर गेला होता.

"काहून वं?" शालिकरामने विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. "तुमी महिन्या-दोन महिन्यानं बोटीत बसून जासान. मले त्याच्याच घरात राहाचं हाय. चौदा वर्सं झाले, तुमी एकडाव नाई आले."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या, रडायचंही होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"मत कोनाले देल्लं?"

"भाऊजीनं सांगतलं त्याले."

त्याने मान डोलावली. तेवढ्यात टांगा आला. रुपराव पुढे, टांगेवाल्याच्या शेजारी चढला, आणि इकडे न बघता चल म्हणाला. टांग्यात बायका मागे बसतात, तोंड मागल्या रस्त्याकडे करून. त्यामुळे वळण येईपर्यंत प्रयागबाईला शालिकरामकडे बघतच जावं लागलं.